गाय दूध अनुदान योजना (आधी 5 रुपये, मग 7 रुपये): वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मंडळी, राज्य सरकारची गाय दूध अनुदान योजना 2024 मध्ये तिन्ही टप्प्यांत आम्ही वापरली. गोठा नगर जिल्ह्यात, सगळ्या एचएफ (होल्स्टीन, परदेशी जातीच्या) गाई, दूध खाजगी डेअरीच्या सेंटरला जातं, घरचं सगळं गणित दहा दिवसांच्या पगारावर (डेअरी दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे देते त्यावर) चालतं. ट्रॅक्टरचे, मिल्किंग मशीनचे, पेंडीचे रिव्ह्यू भरपूर सापडतात पण ज्या योजनेवर एवढे कोट्यवधी रुपये खर्च झाले तिचा वापरणाऱ्याने लिहिलेला रिव्ह्यू मला कुठंच दिसला नाही, दिसल्या त्या फक्त घोषणेच्या बातम्या नाहीतर आंदोलनाच्या. म्हणून लिहितोय. 5 पैकी अडीच स्टार. पैसे खरंच खात्यात आले त्याचे दोन, आणि थेट शेतकऱ्याच्या नावावर आले त्याचा अर्धा. बाकीचे अडीच का कापले ते खाली सविस्तर सांगतो, कारण योजना परत कधीतरी येणारच आहे आणि तेव्हा नियम बघूनच नाव घाला असं माझं सगळ्यांना सांगणं आहे.

आधी थोडं मागचं, कारण ते माहीत नसेल तर ही योजना कशासाठी आली तेच कळत नाही. जुलै 2023 ला सरकारने आदेश काढला, 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) गाईच्या दुधाला लिटरला किमान 34 रुपये द्यायचे. गावात आनंद झाला, आमच्याही घरात झाला, वडिलांनी नवीन कालवड घ्यायचं ठरवलं. थोडे दिवस तो दर मिळाला पण. मग पावडरचे आणि बटरचे भाव पडायला लागले आणि डेअऱ्यांनी एक एक रुपया करत दर खाली आणला, दिवाळीनंतर तर 26-27 वर आला, आणि आदेश कागदावर 34 च होता. कुणाला दंड झाला, कुणाचं लायसन गेलं, असं आमच्याकडे तरी काही ऐकायला आलं नाही. कारण साधं आहे, दुधाला हमीभाव नाही. केंद्र ज्या पिकांचे हमीभाव जाहीर करतं त्यात धान्य, डाळी, तेलबिया, कापूस आहे, दूध नाही. उसाला एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) आहे, तीही कायद्यातली, 14 दिवसांत पैसे द्यायचे नाहीतर 15 टक्के व्याज. दुधाला यातलं काहीच नाही, त्यामुळे 34 रुपयांचा आदेश पाळला नाही तर शेतकऱ्याने जायचं कुणाकडे हेच कुठं लिहिलेलं नव्हतं.

डिसेंबर 2023 ला नागपूर अधिवेशनात दुग्धविकास मंत्री राधाकृष्ण विखे पाटलांनी 5 रुपये अनुदान जाहीर केलं. पहिल्यांदा ते फक्त सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांनाच होतं. आता महाराष्ट्रात निम्म्यापेक्षा जास्त संकलन खाजगी डेअऱ्यांकडे आहे, आमच्या पट्ट्यात तर गावात सहकारी सोसायटीचं सेंटर शोधावं लागतं, मग आम्ही काय दुसऱ्या राज्यातल्या गाई पाळतो का असं सगळे विचारायला लागले. जानेवारीत ते बदललं आणि खाजगीवाले पण आत आले, हे चांगलं केलं, मनापासून सांगतो. नियम असा ठरला की डेअरीने 3.5/8.5 ला कमीत कमी 27 रुपये बँकेतून द्यायचे, रोख नाही, आणि सरकार वर 5 रुपये शेतकऱ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकणार. 11 जानेवारी ते 10 फेब्रुवारी असा महिना ठरला, मग मुदत 10 मार्चपर्यंत वाढली.

तुमच्या लक्षात आलं का, जुलैत 34 रुपये किमान होते ते जानेवारीत 27 झाले. म्हणजे अनुदान यायच्या आधीच खालची पायरी 7 रुपयांनी खाली सरकली आणि मग वर 5 रुपये ठेवले. 27 आणि 5 मिळून 32 होतात, 34 नाही. तरी लोकांनी घेतलं कारण हातात 25-26 च पडत होते आणि दूध रोज निघतं, कांद्यासारखं चाळीत भरून ठेवता येत नाही.

आता प्रत्यक्ष नोंदणी. गाईच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला पाहिजे, बिल्ल्याची नोंद भारत पशुधन अ‍ॅपवर पाहिजे, ती नोंद ज्याच्या नावावर आहे त्याचंच डेअरीत खातं पाहिजे, त्याचंच आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं पाहिजे. वाचायला सोपं वाटतं. आता आमच्या सारख्या एकत्र घरात काय असतं बघा, डेअरीचं खातं आबांच्या नावावर कारण ते वीस-पंचवीस वर्षांपासून दूध घालतात, बिल्ला मारायला डॉक्टर आले तेव्हा गोठ्यात भाऊ होता म्हणून त्याचं नाव लागलं, आबांचं बँक खातं सोसायटीच्या कर्जाचं आहे आणि आधारला जोडलेलं खातं वेगळ्याच बँकेत आहे, आणि दोन गाई लोणी गावच्या गुरांच्या बाजारातून आणलेल्या, त्यांचा बिल्ला अजून मूळ मालकाच्या नावावर. बाजारातून आणलेल्या गाईची मालकी अ‍ॅपवर बदलून घ्यावी लागते हे तेव्हा विकणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्याला नव्हतं आणि मधल्या दलालाला तर त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं. हे सगळं जुळवेपर्यंत पहिले काही पगार असेच गेले. आमचं शेवटी जुळलं कारण आमच्याकडे मोटरसायकल आहे, घरात एक शिकलेलं माणूस आहे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, रविवारी सुद्धा आले बिल्ले मारायला, त्या माणसाचे आभार मानावे तेवढे कमी. पण आमच्या वस्तीवर एक मावशी आहेत, एकच गाय, नवरा वारलेला, खातं अजून त्याच्याच नावावर. त्यांच्या दुधाचा एकही रुपया अनुदानात आला नाही. ज्याला 5 रुपयांची सगळ्यात जास्त गरज तोच कागदात अडकतो, आणि हे काही कुणी मुद्दाम करत नाही, नियम लिहिणाऱ्याने एकट्या बाईचा एक गाईचा गोठा डोळ्यासमोर ठेवलाच नाही एवढंच.

बिल्ल्याला माझा विरोध अजिबात नाही. उलट बिल्ल्यामुळे गाईचं लसीकरण, रेतन, वेत सगळं एका नंबरवर येतं, जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही आणि सरकारी दवाखान्याची सेवा नाही असाही नियम झाला, लम्पीनंतर तो पाहिजेच होता. फक्त अनुदानाची तारीख आधी आणि बिल्ल्याची मोहीम नंतर असं झालं. आधी दोन महिने गावोगाव बिल्ले मारून मालकीची नावं दुरुस्त केली असती तर निम्मी भांडणं झालीच नसती. डेअरीच्या बाजूने पण माहिती एक्सेलमध्ये भरायची होती, एक अंक चुकला की नाव मागे, आणि सेंटरवाला बिचारा सकाळ-संध्याकाळ दूध मोजणार का रात्री कॉम्प्युटरवर बसणार. आमच्या सेंटरवाल्याने पोराला बसवून भरून घेतली, शेजारच्या गावात सेंटरवाल्याने भरलीच नाही, तिथं सगळ्या गावाचं राहिलं. त्या शेतकऱ्यांची चूक काय? त्यांनी तर दूध घातलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फॅट आणि एसएनएफ. ज्यांचा दुधाचा धंदा नाही त्यांनी हे नीट वाचा कारण सगळी मेख इथं आहे. बातमीत येतं "दुधाला 27 रुपये", पण ते 27 रुपये 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ लागलं तरच. एचएफ गाईचं दूध, त्यातून उन्हाळा, हिरवा चारा कमी, गाय नुकती व्यालेली, तर 3.2 आणि 8.2 सहज लागतं. ते भेसळीचं दूध नाही, पाणी घातलेलं नाही, गाईचंच दूध आहे. देशाच्या अन्नसुरक्षा नियमात गाईच्या दुधाला 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ धरलेलं आहे, म्हणजे पिशवीतून शहरात विकायला 3.2/8.3 चालतं आणि आमच्याकडून घ्यायला मोजमाप 3.5/8.5 चं. ही तफावत वर्षानुवर्षं आहे, किसान सभा आणि बाकी संघटनांनी कितीदा तरी मांडली पण हलत नाही.

पॉईंट (0.1 म्हणजे एक पॉईंट) कमी लागला की दर कापतात त्याला आमच्याकडे रिव्हर्स दर म्हणतात. योजनेत चांगली गोष्ट अशी होती की पॉईंटला 30 पैसे वजावट आणि जास्त लागला तर 30 पैसे वाढ असं ठरवून दिलेलं होतं. त्या हिशोबाने 3.2/8.2 चं दूध म्हणजे फॅटचे तीन पॉईंट, एसएनएफचे तीन पॉईंट, एकूण 1 रुपया 80 पैसे गेले आणि 25.20 मिळाले पाहिजेत. पण सेंटरवरच्या भिंतीवर जो चार्ट लावलेला होता त्यात एसएनएफच्या पॉईंटला एक रुपया कापत होते. मग फॅटचे 90 पैसे आणि एसएनएफचे तीन रुपये, हातात 23.10. लिटरमागे 2 रुपये 10 पैशांचा फरक. सरकारने 5 दिले आणि चार्टने त्यातले 2.10 परत नेले, राहिले 2.90. सेंटरवाल्याला विचारलं तर म्हणतो, "दादा, चार्ट प्लांटवरून येतो, मी फक्त चिकटवतो." प्लांटच्या माणसाला फोन केला तर म्हणे 30 पैसे लावलेत, पण वरच्या ग्रेडच्या दुधाला. मी डेअरीचं नाव लिहीत नाही कारण हा एका डेअरीचा विषय नाही, आमच्या आसपास जिथं जिथं विचारलं तिथं कमी-जास्त हीच गोष्ट होती. चार्ट कोण तपासणार हे योजनेत पक्कं नव्हतं, एवढाच माझा मुद्दा आहे. किमान दर ठरवणं आणि चार्ट मोकळा सोडणं म्हणजे पुढचं दार बंद करून गोठ्याचं मागचं फाटक उघडं ठेवण्यासारखं आहे.

मशीनचं पण तेच. मिल्कोटेस्टर (फॅट-एसएनएफ मोजायचं मशीन) कधी कॅलिब्रेट केलं, काटा शेवटचा कधी तपासला, याचं स्टिकर बघायला मिळालं तर नशीब. आमचा काटा 100 मिलीच्या पटीत दाखवत होता, मधलं जे काही 60-70-90 मिली ते गेलं. सकाळ-संध्याकाळ, वर्षभर, हजारो शेतकऱ्यांचं. अनुदान लिटरवर मिळतं, म्हणजे काट्यावर न दिसलेल्या दुधाचं अनुदानही गेलं.

आता पैसे आले का? आले. हे मोकळेपणाने सांगितलंच पाहिजे. रोज 50 लिटर घालणाऱ्या घराला पहिल्या टप्प्याच्या 60 दिवसांचे 15,000 रुपये होतात, आणि ज्यांचे कागद जुळले त्यांना ते थेट खात्यात मिळाले, मधे कुणी हात मारला नाही. 2018 मध्ये असं नव्हतं. तेव्हा राजू शेट्टींचं दूध आंदोलन झालं जुलैमध्ये, टँकर अडवले, मग सरकारने 25 रुपये दर आणि 5 रुपये अनुदान ठरवलं, पण ते दूध संघ आणि डेअऱ्यांच्या मार्गाने आलं, कुणाला किती मिळालं आणि कुणाला का नाही याचा शेतकऱ्याला काही पत्ताच लागला नाही. त्या तुलनेत 2024 ची पद्धत खूप पुढची. मेसेज आला, रक्कम दिसली, डेअरीला "माझं अनुदान कुठंय" असं विचारायची लाचारी राहिली नाही. आमच्या आईने तो मेसेज मला दोनदा वाचून दाखवायला लावला. त्या पैशातून आम्ही मुरघासाची (हिरवा चारा मुरवून साठवायची) मका घेतली, उन्हाळ्यात गाई त्यावरच निघाल्या.

पण उन्हाळ्यातच योजना नव्हती! 10 मार्चला टप्पा संपला, लोकसभेची आचारसंहिता लागली, आणि परत अनुदान सुरू झालं 1 जुलैला. मधले जवळपास पावणेचार महिने शून्य. दुधाच्या धंद्यात चारा सगळ्यात महाग कधी असतो तर मार्च ते जून. 2023 ला पाऊस कमी झालेला, विहिरी फेब्रुवारीतच तळाला गेलेल्या, कडब्याची पेंढी हात लावू देत नव्हती, 50 किलोची गोळी पेंडीची बॅग सोळाशे-सतराशेच्या घरात, आणि दर तेच 25-26. ज्या महिन्यात आधार पाहिजे त्याच महिन्यात आधार काढून घेतला. आमच्या ओळखीच्या दोघांनी त्याच काळात गाभण गाई विकल्या, लोणीच्या बाजारात गाई जास्त आणि गिऱ्हाईक कमी असं झालेलं, लाखाची गाय साठ-पासष्ट हजाराला गेली. हे नुकसान कुठल्याच अनुदानाच्या हिशोबात येत नाही. अशी गाय परत गोठ्यात उभी करायला दोन-अडीच वर्षं लागतात, कालवड वाढवा, भरवा, नऊ महिने थांबा, मग दूध.

जूनच्या शेवटी अर्थसंकल्पात अजित पवारांनी 1 जुलैपासून 5 रुपये परत जाहीर केले आणि यावेळी डेअरीचा किमान दर 30 केला, म्हणजे 30 अधिक 5, 35 रुपये. हा टप्पा मला तिन्हीतला सगळ्यात बरा वाटला. गावात पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेतला लोकांनी. आणि मग सप्टेंबरच्या शेवटी निर्णय आला, 1 ऑक्टोबरपासून अनुदान 5 चे 7 रुपये! बॅनर लागले, स्टेटस लागले. पण त्याच निर्णयात डेअरीचा दर 30 चा 28 केला. 30 अधिक 5 म्हणजे 35. 28 अधिक 7 म्हणजे पण 35. शेतकऱ्याला एक पैसा जास्त नाही. वाढलेले 2 रुपये कुणाचे वाचले ते शाळेतलं पोरगं पण सांगेल. रोज 50 लिटर दुधावर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या 61 दिवसांत 6,100 रुपये डेअरीचे कमी लागले आणि ते सरकारने भरले, आणि नाव शेतकऱ्याच्या अनुदानाचं. वरून तोटा असा की डेअरीचे 28 रुपये दहा दिवसांनी मिळतात आणि सरकारचे 7 महिन्यांनी, म्हणजे जो पैसा लवकर हातात पडत होता त्यातले 2 रुपये पण उशिराच्या रांगेत गेले. आणि उशीर झालाच, शेवटच्या टप्प्याचे पैसे अनेकांना 2025 उजाडल्यावर सुद्धा वाट बघून मिळाले.

डेअरीवाल्यांची बाजू मला समजत नाही असं नाही. एक किलो पावडर करायला साधारण 11-12 लिटर दूध लागतं, पावडर तीनशेच्या वर होती ती 2024 ला दोनशे-सव्वादोनशेवर आली, बटर पण पडलं, गोडाऊनं भरलेली. पुण्या-मुंबईला पिशवीतून विकून उरलेलं दूध पावडरलाच जातं, आणि महाराष्ट्रात सरप्लस दूध भरपूर. म्हणजे डेअरीला खरंच तोटा होत असेल. मग सरळ डेअरीला मदत करा आणि तशी नोंद करा, काही तरी अटी घाला, ऑडिट करा. पावडरच्या निर्यातीला किलोमागे 30 रुपये देण्याची घोषणा झालीच होती, ती उघड होती, त्यावर बोलता येतं. पण शेतकऱ्याच्या नावाच्या पाटीखालून डेअरीचा भार उचलला की उद्या शहरातला माणूस म्हणणार, यांना सात-सात रुपये देतात तरी हे रडतात. आणि शहरात पिशवीचा दर किती कमी झाला हो त्या काळात? आमचा दर 34 वरून 26 ला आला तेव्हा पिशवीवरची छापील किंमत 8 रुपयांनी खाली आलेली मी तरी बघितली नाही.

2024 च्या जूनमध्येच अजून एक झालं. इकडे राज्य पावडर बाहेर पाठवायला पैसे देण्याच्या गोष्टी करत होतं आणि तिकडे केंद्राने 10,000 टन दूध पावडर 15 टक्के सवलतीच्या शुल्कात आयात करायला परवानगी दिली, एरवी ते शुल्क 60 टक्के असतं. देशातल्या उत्पादनापुढे 10,000 टन काही फार नाही, पण भाव बातमीवर पडतो. जो व्यापारी पावडर उचलणार होता तो थांबला, तो थांबला की डेअरी थांबली, आणि त्याचा मार शेवटी किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला.

म्हशीच्या दुधाला तिन्ही टप्प्यांत काही नव्हतं. म्हशीच्या दुधाला दर बरा असतो म्हणून, ठीक आहे, समजू शकतो. पण हलवायाला किंवा गवळ्याला दूध घालणारे, घरोघर रतीब टाकणारे हे पण बाहेर राहिले, कारण त्यांचं बिल बँकेतून येत नाही. तालुक्याच्या गावाजवळचे कितीतरी लहान गोठे असेच चालतात.

शेजारी कर्नाटकात बघा. तिकडे 2008 पासून सरकार सहकारी संघांना दूध घालणाऱ्याला लिटरमागे प्रोत्साहन देतं, 2 रुपयांपासून सुरू झालं आणि 2016 ला 5 रुपये झालं. तिथं पण पैसे थकतात, शेतकरी ओरडतात, आणि फक्त सहकारीलाच आहे, पण महिना-दोन महिन्यांचा टप्पा, मग मुदतवाढ, मग खंड, मग नवीन जीआर, नवीन फॉर्म असला प्रकार नाही. माणूस धरून चालू शकतो की दुधाला एवढे येणार. गाय घ्यायची का नाही हा निर्णय तीन वर्षांचा असतो, तो 30 दिवसांच्या योजनेवर कसा घेणार? कोल्हापूरकडे गोकुळसारख्या संघाचा दिवाळीला दरफरक (वर्षभराच्या दुधावर वरून मिळणारे पैसे) येतो, तिथला शेतकरी त्या भरवशावर पोरीचं लग्न ठरवतो. आमच्या पट्ट्यात खाजगीत दरफरक नावाची गोष्टच नाही, वर्षात डेअरीला चांगले दिवस आले तर ते डेअरीचे आणि वाईट आले तर ते आमचे.

अजून एक नियम, जो दुधाच्या दराबाबत बोलताना सगळे विसरतात. गाय म्हणजे नुसतं दूध नाही, ती भाकड पण होते आणि तिला गोऱ्हे (नर वासरं) पण होतात. 2015 च्या कायद्यानंतर बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर पण बंदी आली. श्रद्धेचा विषय आहे, आमच्या घरात पण गाईला नमस्कार केल्याशिवाय धार काढत नाहीत, त्यावर मी वाद घालत नाही. पण एचएफचा गोऱ्हा औताला चालत नाही, बाजारात गिऱ्हाईक नाही, त्याला दूध पाजायचं कुठून हा प्रश्न प्रत्येक वेताला उभा राहतो. सप्टेंबर 2024 ला देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला 50 रुपये ठरवले. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या गोठ्यात चार वेतं दूध देऊन आता उभी असलेली भाकड गाय तेवढंच खाते आणि तिच्यासाठी कुठल्याच योजनेत एक ओळ नाही. ते 50 रुपये शेतकऱ्याच्या दारातल्या भाकड गाईला, कुठल्याही जातीच्या, मिळाले तर कोण विकायला काढेल? लिंगवर्गीकृत रेतमात्रा (ज्याने बहुतेक कालवडच होते) स्वस्तात आणि वेळेवर गावात मिळाल्या तर गोऱ्ह्यांचा प्रश्न मुळातच कमी होईल. दवाखान्यात जातो तेव्हा कधी असतात, कधी संपलेल्या असतात. लिटरमागच्या रुपयापेक्षा या गोष्टीवर जास्त खर्च करावा असं मला तरी मनापासून वाटतं.

मग योजना नको होती का? हवी होती. जानेवारी 2024 ला ती आली नसती तर आमच्या वस्तीवरचे अजून तीन-चार गोठे रिकामे झाले असते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की 5 रुपये का 7 रुपये हा वाद घालू नका, डेअरीने काय द्यायचं आणि नाही दिलं तर काय होणार ते आधी कायद्यात लिहा. उसाला जमतं तर दुधाला का नाही. बेस 3.2/8.3 करा. पॉईंटची वजावट सगळीकडे एकच ठेवा आणि चार्टवर सही-शिक्का असू द्या. काट्यावर दहा मिली दिसलं पाहिजे. अनुदान पावडरच्या भावाला बांधा, भाव ठराविक रेषेखाली गेला की आपोआप सुरू, वर आला की आपोआप बंद, मग निवडणूक कधी आहे आणि अधिवेशन कधी आहे ते बघायची गरज नाही.

तोपर्यंत ज्यांना पुढच्या टप्प्यात नाव घालायचंय त्यांनी आत्ता, योजना नसताना, दोन-चार गोष्टी करून ठेवा. गाईचा बिल्ला आणि डेअरीचं खातं एकाच माणसाच्या नावावर आहे का बघा, नसेल तर दवाखान्यात जाऊन अ‍ॅपवर बदलून घ्या, आत्ता गर्दी नसते. बाजारातून गाय आणली की त्याच आठवड्यात मालकी बदला, विकणाऱ्याचा मोबाईल नंबर घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. आधारला कोणतं खातं जोडलंय ते बँकेत विचारा, पासबुक असलेलं खातं आणि आधारचं खातं वेगळं असतं बऱ्याचदा. घरात कर्ता माणूस गेला असेल तर डेअरीचं खातं लगेच बाईच्या नावावर करून घ्या, सेंटरवाले "चालतंय की" म्हणतात पण अनुदानाला चालत नाही. आणि रोजची पावती, फॅट-एसएनएफ आणि दर छापलेली, सकाळची आणि संध्याकाळची, फोटो काढून ठेवा, छापील पावतीची शाई महिन्यात उडते. सेंटरच्या भिंतीवरच्या चार्टचा पण फोटो काढा, तारखेसकट. आमच्या गावात आता सात-आठ जण असे फोटो काढतात, मागच्या महिन्यात एसएनएफच्या पॉईंटची वजावट त्या एका सेंटरवर रुपयावरून 50 पैशांवर आली.